प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नादात होणाऱ्या चुका : काढा, गोळ्या आणि रश्श्याची वाटी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की कोल्हापुरात दोन गोष्टी ठरल्यासारख्या होतात. नदीकाठच्या वस्त्यांतले लोक सामान वरच्या मजल्यावर हलवतात आणि उरलेल्या गावात घरोघरी गॅसवर काढ्याचे पातेले चढते. सर्दी, ताप, खोकला यांचे दिवस आले, आता प्रतिकारशक्ती वाढवली पाहिजे, ही त्यामागची भावना असते. भावना चुकीची नाही, पण पावसाळ्याच्या तोंडावर चार वस्तू पोटात घालून ही शक्ती वाढत नाही. शिवाय ती नुसती वाढणे हिताचेही नाही, कारण ही यंत्रणा गरजेपेक्षा अधिक किंवा चुकीच्या दिशेने चिडली की त्यातूनच ॲलर्जी, दमा आणि आमवातासारखे आजार होतात. आपल्या हाती असते ते तिला लागणारा रोजचा शिधा न चुकता पुरवणे आणि तिच्या कामात अडथळा न आणणे. प्रत्यक्षात आपण शिधा तोडका ठेवतो आणि वरून औषधांचा मारा करतो.

काढ्याचे प्रमाण

आले, तुळस, दोन-चार मिरी आणि गवती चहा घालून उकळलेला कपभर काढा घशाला आराम देतो आणि त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. चूक होते ती त्याचे औषध करून दिवसातून चार वेळा आणि महिनोन्‌महिने घेण्यात. उपाशीपोटी सुंठ-मिरीचा दाट काढा घेऊन पित्त उसळलेली माणसे पुढे दुपारचे जेवण टाळतात, म्हणजे लाभ बाजूलाच राहून आहार तेवढा कमी होतो. ज्येष्ठमध गोड लागते म्हणून सढळ हाताने घातले जाते, परंतु ते नियमित आणि जास्त घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम कमी होते, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी ते टाळलेलेच बरे.

गुळवेलीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागेल. करोनाच्या काळात ती घेणाऱ्या काही जणांना यकृताचा दाह झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीमुळे गफलत झाली असावी, असाही मुद्दा पुढे आला. वाद कसाही मिटो, कुंपणावरची वेल ओळखीच्या भरवशावर तोडून रोज उकळणे, आणि तेही यकृताचा आजार असताना, शहाणपणाचे नाही.

काढ्यात साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे मधुमेहींना चालतो, हा समज आपल्याकडे विशेष पक्का आहे. कोल्हापुरी गुळाचा अभिमान मलाही आहे, पण गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो आणि रक्तातील ग्लुकोजला त्याचे भौगोलिक मानांकन वाचता येत नाही.

गोळ्यांची पाकिटे

माझ्या मामांना दोन वर्षांपूर्वी ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल लिहून दिली होती, आठवड्याला एक, आठ आठवडे. मामांनी ती रोज सकाळी चहाबरोबर घेतली आणि पाकीट संपले की दुकानातून दुसरे आणले. सहा आठवड्यांनी त्यांना मळमळ, बद्धकोष्ठता आणि सतत तहान सुरू झाली, तेव्हा घरच्यांना आधी साखरेची शंका आली. रक्ततपासणीत मात्र कॅल्शियम वाढलेले निघाले. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते आणि शरीरात साठून राहते, त्यामुळे जास्त झालेला भाग लघवीवाटे निघून जाईल, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या गोळ्यांची कथा याहून विचित्र आहे. प्रौढ माणसाने दिवसाला ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त जस्त घेऊ नये, ही मर्यादा आहे, तरीही ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या अनेकांनी महिनोन्‌महिने घेतल्या. दीर्घकाळ जास्त जस्त घेतल्याने तांब्याचे शोषण रोखले जाते आणि तांबे कमी पडले की रक्तातील पांढऱ्या पेशीच घटतात. ज्या पेशींसाठी गोळी सुरू केली, त्याच कमी होतात.

‘क’ जीवनसत्त्व तुलनेने निरुपद्रवी आहे, पण त्याच्याकडून अपेक्षा अवास्तव असतात. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार ते रोज घेतल्याने सर्वसाधारण लोकांना सर्दी होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. मोठ्यांच्या सर्दीचा काळ सुमारे ८ टक्क्यांनी घटला, म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेतल्याचा खात्रीलायक फायदा दिसला नाही. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम आहे आणि एक मध्यम पेरू त्याच्या दुपटीहून अधिक देतो. कपिलतीर्थ मंडईतून पिशवीभर पेरू आणणे गोळ्यांपेक्षा स्वस्त पडते.

उन्हाविषयीही एक गैरसमज आहे. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी कोवळ्या उन्हात बसावे, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात, पण ते तयार करणारे अतिनील किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फारच थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, त्या वेळचे ऊन त्यासाठी उपयोगी असते, आणि खिडकीच्या काचेआडून घेतलेले ऊन अजिबात कामाचे नाही.

रस्सा भरपूर, फोडी दोन

आता ज्या चुकीबद्दल कोल्हापूरकर रागावण्याची शक्यता आहे, तिच्याकडे वळू. आजारातून उठलेल्या माणसाला ताकद यावी म्हणून पांढरा रस्सा पाजण्याची आपली रीत आहे आणि नाक चोंदलेले असताना वाटीभर गरम रस्सा किती सुखाचा वाटतो, हे वेगळे सांगायला नको. परंतु ज्या प्रथिनांपासून शरीर जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आणि नव्या पेशी घडवते, ती प्रामुख्याने मटणाच्या फोडींत राहतात. रश्श्यात उतरते ते पाणी, मीठ, मसाला, नारळाच्या दुधाची चरबी आणि थोडासा हाडांचा अर्क. चार वाट्या तांबडा-पांढरा ओरपून दोन फोडींवर हात धुणाऱ्याचे पोट भरते, गरज भागत नाही. मिसळीतही तोच प्रकार असतो : वर फरसाण, भोवती कट आणि तळाशी चमचाभर मटकी.

खरी तूट पडते ती सोमवार, गुरुवार, शनिवार आणि सबंध श्रावणात. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून सुमारे १० ग्रॅम मिळतात, आणि सोबतची आमटी तळ दिसेल इतकी पातळ असेल, तर तिच्यातून फार भर पडत नाही. आमटी घट्ट करावी, मुगाची किंवा हरभऱ्याची उसळ वाटीभर घ्यावी, मूठभर शेंगदाणे खावेत आणि जेवणात दही असावे, एवढ्याने पुष्कळ अंतर कापले जाते. दही सोडले, तर या पदार्थांत तंतूही भरपूर असतात, आणि आतड्यातील उपकारक जिवाणू त्यांवरच जगतात.

ताटातल्या कांदा-लिंबातले लिंबू बहुतेक लोक मटणावर पिळतात, पण त्याची जास्त गरज पालेभाजीला आणि उसळीला असते, कारण वनस्पतिजन्य लोहाचे शोषण ‘क’ जीवनसत्त्वामुळे वाढते. याच्या उलट काम जेवणावर लगेच घेतलेला चहा करतो; तो तासभर पुढे ढकलावा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. घरातल्या सगळ्यांची पंगत उठल्यावर उरलेले जेवून वर कपभर चहा घेणाऱ्या बाईच्या थकव्याचे कारण बऱ्याचदा तेथेच असते.

धारोष्ण दूध

गंगावेशीत म्हशीच्या कासेतून थेट पेल्यात धरलेले फेसाळ दूध पिणे ही या गावाची खासियत आहे आणि तालमीतल्या पैलवानांनी तिला प्रतिष्ठा दिली आहे. तरीही कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांपासून माणसाला होणारा तापाचा आजार), क्षय आणि जुलाबाचे जंतू शरीरात जाऊ शकतात, हे नाकारता येत नाही. जनावर वरून धडधाकट दिसते म्हणून ते निर्जंतुक ठरत नाही. उकळल्याने दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम यांचे म्हणण्यासारखे नुकसान होत नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना तरी कच्चे दूध देऊच नये.

झोप मोडून केलेला व्यायाम

रात्री बाराला झोपून साडेचारला रंकाळ्यावर फेरी मारायला निघणाऱ्यांची शिस्त कौतुकास्पद असली, तरी हिशेब तोट्याचा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ निरोगी प्रौढांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले गेले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सुमारे चौपट दिसली. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे पुरते आणि ते संध्याकाळीही चालते. अंगात ताप असताना मात्र ‘घाम काढायला’ मुळीच जाऊ नये.

वारंवार आजारी पडणे

मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीन वेळा आणि बालवाडीतल्या मुलाला सहा-आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी प्रतिजैविके (अँटिबायोटिक) मागून घेऊ नयेत, कारण ती विषाणूंवर चालत नाहीत. वर्षात दोनदा न्यूमोनिया, पुन्हा पुन्हा उठणारी गळवे, न भरणारी जखम किंवा कारणाशिवाय घटणारे वजन ही लक्षणे मात्र आहाराने सुटणारी नसतात. तेव्हा रक्तातील साखर आणि इतर तपासण्या करून घ्याव्यात. साठी ओलांडलेल्यांनी, तसेच दमा व मधुमेह असलेल्यांनी फ्लूच्या लशीबद्दल पावसाळ्याआधीच विचारावे. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातील सगळ्या गोळ्यांची पाकिटे, चूर्णाच्या डब्या आणि काढ्याचे साहित्य एका पिशवीत घालून न्यावे. मामांनी ‘मी काही घेत नाही, एक ताकदीची गोळी तेवढी’ असे सांगितले होते. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर पालथी केली, तेव्हा त्या कॅप्सुलांची सहा रिकामी पाकिटे निघाली.