लॅपलँडला हनिमून ठरवताय? या चुका टाळा

"दादा, १८ डिसेंबरला इनारीला पोचतोय. सूर्यास्ताचे फोटो कुठून चांगले येतील?"

धाकट्या आतेभावाचा हा मेसेज आला तेव्हा त्याची तिकिटं निघाली होती, लाकडी केबिनचे पैसेही भरून झाले होते. आम्ही फिनलंडमध्ये एस्पोला राहतो, त्यामुळे नात्यातलं कुणी देशाच्या उत्तरेकडच्या लॅपलँडचं नाव काढलं की फोन आमच्याकडे येतो, आणि बहुतेक वेळा सगळं ठरून गेल्यावर येतो. लॅपलँडमधल्या इनारीत त्या दिवशी सूर्य मावळत नाही, कारण तो उगवतच नाही. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो क्षितिजाखालीच असतो. आणखी उत्तरेला, उत्स्योकीला, हा मुक्काम पन्नासेक दिवसांचा. इथले लोक या काळाला 'कामोस' म्हणतात.

लग्नाच्या मुहूर्तावर हनिमूनची तारीख ठरवणं

बाकीच्या चुका या एका चुकीतून निघतात. आपली लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि धनुर्मास लागायच्या आत उरकायची घाई असते. मग 'लग्नानंतर दहा दिवसांनी निघू' म्हटलं की माणूस थेट कामोसमध्ये जाऊन पडतो. शिवाय तो नाताळचा आठवडा. रोवानिएमीत सांताक्लॉजला भेटायला अर्धा युरोप लोटलेला असतो आणि खोल्यांचे भाव वर्षातले सगळ्यात चढे.

कामोस वाईट असतो असं नाही. काळाकुट्ट अंधार तर मुळीच नसतो. दुपारच्या सुमारास दोन-तीन तास बर्फावर निळसर उजेड पसरतो, तो मला स्वतःला फार आवडतो. पण तो माहीत असून बघायला जाणं वेगळं आणि सूर्यास्ताच्या आशेनं जाणं वेगळं.

मे महिन्यात लग्न करणाऱ्यांची अडचण उलटी. ते जूनमध्ये येतात आणि ध्रुवीय प्रकाश (रात्रीच्या आकाशातले ते हिरवे झोत, नॉर्दर्न लाइट्स) शोधतात. एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथली रात्र पुरेशी काळी होतच नाही, प्रकाश दिसणार कुठून? मध्यरात्रीचा सूर्य मात्र दिसतो, आणि जूनच्या उत्तरार्धात डास. कोकणातल्या डासांवर दिवस काढलेला माणूससुद्धा तिथे शरण जातो.

माझं मत विचाराल तर दोनच काळ. एक मार्च: बर्फ भरपूर, दिवस बारा तासांच्या आसपास, रात्री काळ्या. दुसरा सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा: बर्च लालपिवळे झालेले, डास गेलेले, तळी गोठलेली नसल्यामुळे प्रकाश पाण्यातही दिसतो. सप्टेंबरात पितृपक्ष येतो आणि घरचे नाक मुरडतात, हे खरं. मार्चला तो त्रास नाही. पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने सगळं आटपून पाडव्याच्या आत परत येता येतं. लग्न आणि हनिमून यांत तीन महिने गेले म्हणून काही बिघडत नाही.

एक रात्र, काचेचं इग्लू, आणि ढग

काचेच्या छपराखाली पडून प्रकाश बघायचा, ही कल्पना सगळ्यांना भुलवते. पण आकाशात ढग असतील तर तुम्ही महागड्या काचेतून ढग बघता. लॅपलँड ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच येतं, त्यामुळे मोठं सौरवादळ वगैरे लागत नाही. लागतं ते निरभ्र आकाश. म्हणून रात्री वाढवा. चार-पाच रात्रींच्या खाली मी कुणाला जा म्हणत नाही. इग्लूची हौस असेल तर एक रात्र तिथे, बाकीच्या साध्या केबिनमध्ये. आणि बुकिंग करताना बारीक अक्षरं वाचा: काही लहान इग्लूंचा शॉवर वेगळ्या इमारतीत असतो.

फिनिश हवामान संस्थेचा ढगांचा अंदाज रोज संध्याकाळी बघायची सवय लावा. गाडी असेल तर पन्नास-साठ किलोमीटर सरकूनही आकाश मोकळं मिळू शकतं.

'जंगलातली झोपडी' न वाचता ठरवणं

इथे सगळ्यात जास्त गंमत होते. फिनलंडच्या रानात चालत जाणाऱ्यांसाठी झोपड्या आहेत, बऱ्याचशा मेत्साहालितुस या सरकारी वनसंस्थेच्या. त्यांचे प्रकार ठाऊक नसले तर नवपरिणीत जोडप्याची पंचाईत होते.

'आउतिओतुपा' म्हणजे फुकटची, बिनकुलपाची झोपडी. चूल, सरपण, फळ्यांचे ओटे. एक-दोन रात्री राहायची मुभा. पण नियम असा की मागून येणाऱ्याचा हक्क पहिला. जो उशिरा, दमून येईल त्याला जागा करून द्यायची. रात्री अकराला दाढीला बर्फ लागलेले तिघे स्कीवाले आत शिरले तर 'आमचं हनिमून चाललंय' म्हणून चालत नाही. ते तुमच्या शेजारी मोजे वाळत घालणार आणि ते बरोबरच आहे, थंडीत माणसं यावरच जगतात.

'वाराउस्तुपा'ला पैसे असतात आणि चावी घ्यावी लागते, पण तिथे बऱ्याचदा तुम्ही एक झोपायची जागा घेता, अख्खी झोपडी नव्हे. अख्खी हवी तर 'वुओक्रातुपा' शोधा. किंवा सरळ गावाजवळची खासगी 'मोक्की', म्हणजे सुट्टीची केबिन घ्या, सौना (गरम वाफेची खोली) असलेली. तिथेही दोन प्रश्न विचाराच: नळाला पाणी आहे का, आणि संडास आत आहे का. फोटोत ते दिसत नाही. उणे पंचवीसमध्ये रात्री दोन वाजता तीस मीटर चालून जाणं हा संसारातला फार लवकर आलेला कसोटीचा क्षण ठरतो.

एक आणखी. लेम्मेनयोकी या राष्ट्रीय उद्यानाच्या फिनिश नावाचा शब्दशः अर्थ 'प्रेमाची नदी' असा होतो, त्यामुळे जोडप्यांना तिथे जायचंच असतं. पण ती फोटोतली नावेची सफर उन्हाळ्यातली. हिवाळ्यात नदी गोठलेली असते.

कागदपत्रं

पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या नावाचं, ही चूक आजही होते. तिकीट पासपोर्टवरच्या नावानंच काढा. नाव बदलायचंच असेल तर परत आल्यावर निवांत बदला. फिनलंडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. लग्नाच्या धांदलीत तो मागे पडतो आणि मग सगळेच एजंटच्या मागे धावतात. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

थंडी

मुंबईत जाडजूड जॅकेटवर पैसे घालवू नका. स्लेज किंवा स्नोमोबाइलच्या सफरीला बहुतेक ठिकाणी जाड ओव्हरऑल आणि बूट तेच देतात. खर्च आतल्या थरावर करा: लोकरीचे थर्मल, लोकरीचे मोजे. सुती बनियन घामानं ओला होतो आणि मग अंगाला चिकटून गारठवतो. बूट एक नंबर मोठे घ्या, आत हवा राहायला हवी. हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा, कारण सामान मागे राहिलं तर पहिली रात्र तुमची असते, विमान कंपनीची नाही.

नव्या नवरीला सांगायला कुणी धजत नाही ते मी सांगतो. कडाक्याच्या थंडीत बाहेर पडताना झुमके, नथ, जोडवी उतरवून ठेवा. धातू झपाट्यानं गार होतो आणि कातडीला इजा करतो, कानाच्या पाळीला तर फारच लवकर. मंगळसूत्र काढायचं नसेल तर थर्मलच्या वरून घाला. फोनची बॅटरी पटकन मरते, म्हणून फोन आतल्या खिशात. कॅमेरा घरात आणताना आधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर गरम हवेत भिंगावर दव धरतं. रानात जाण्याआधी '११२ सुओमी' हे आणीबाणीचं ॲप घ्या. त्यातून फोन केला की तुमचं ठिकाण आपोआप कळतं. रेंज सगळीकडे नसते, म्हणून केबिनमालकाला कुठे जाताय ते सांगून निघा.

डब्यातलं

तिथल्या ताटात रेनडिअर आणि मासे. शाकाहारी असाल तर रेस्टॉरंटला आधी कळवा आणि भाजणी, मेतकूट, पोहे सोबत ठेवा. पण पेढे, खवा, तुपाचा डबा नको: युरोपीय संघाबाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ताही कागदाशिवाय चालत नाही. नारळ मात्र चालतो. आतेभावाच्या सासूबाईंनी ओटीत घातलेला नारळ इनारीपर्यंत गेला आणि केबिनच्या पायरीवर फुटला. पाणी मात्र पायरीवरच गोठलं.