गाण्याच्या साथीचं सॉफ्टवेअर निवडताय? या चुका टाळा

कॉर्ड्स टाइप केल्या, स्टाइल (ठेक्याचा आणि वादनाचा तयार नमुना) निवडली, प्ले दाबलं की ड्रम, बास, गिटार, पियानो सगळे हजर. आपोआप बॅकिंग ट्रॅक बनवणारी सॉफ्टवेअर एवढं नक्की करतात. तक्रारी सुरू होतात त्यानंतर. ट्रॅक यंत्रासारखा वाटतो, पट्टी बदलली की ड्रम बिघडतात, हेडफोनवर भरलेला वाटणारा ट्रॅक हॉलमध्ये पातळ होतो. मग लोक सॉफ्टवेअर बदलतात आणि नव्यात त्याच चुका पहिल्यापासून करतात.

डेमो ऐकून निवड करणं

डेमोतलं गाणं त्या स्टाइलसाठीच बेतलेलं असतं. लय वादकांनी रेकॉर्ड केली तीच, एका बारला (मात्रांच्या एका आवर्तनाला) एकच कॉर्ड, पट्टी गिटारच्या सोयीची. तुमचं गाणं इतकं सरळ नसतं, त्यामुळे परीक्षा तुमच्याच गाण्यावर घ्यायला हवी.

ट्रायल आवृत्ती उतरवा आणि तुमच्या सगळ्यात अडचणीच्या गाण्याचे १६ बार तिच्यात घाला. त्या १६ बारमध्ये एवढं असू द्या: एका बारमध्ये दोन कॉर्ड्स, दुसरी तिसऱ्या मात्रेवर, एक स्लॅश कॉर्ड, म्हणजे कॉर्ड सी मेजर पण बास ई वर, अर्धी मात्रा आधी पकडायची एखादी कॉर्ड, सगळे वादक थांबतात अशी एक जागा, आणि चार मात्रांच्या बारांमध्ये मध्येच दोन मात्रांचा एक बार. हे जमलं की सगळा ट्रॅक सात सेमिटोन वर न्या, काळी एकवरून काळी चारवर. पुरुषाच्या पट्टीतलं गाणं बाईनं गायचं म्हटलं की एवढी उडी बऱ्याचदा लागते.

आता कान लावून ऐका. स्लॅश कॉर्डवर बास ई सोडून सी वरच बसला असेल, तर ज्या गाण्यात बास पायरीपायरीनं उतरतो त्या गाण्याची जानच जाणार. थांबण्याची जागा टाकता येत नसेल, तर प्रत्येक ट्रॅक नंतर ऑडिओ एडिटरमध्ये कापत बसावं लागेल. दोन मात्रांचा बार चालत नसेल, तर त्यापुढच्या प्रत्येक ओळीची सम सरकेल. तासाभरात हे सगळं कळतं. हा तास न दिलेली माणसं पुढे सहा महिने सॉफ्टवेअरला दोष देतात.

काम न ठरवता शोधत बसणं

रियाज, स्टेज, रेकॉर्डिंग आणि नवी चाल बांधणं ही चार वेगळी कामं आहेत. रियाजाला फोन-टॅबवरचं आयरियल प्रो पुरतं. कॉर्ड्स पटकन लिहिता येतात, लय आणि पट्टी क्षणात बदलते, आवाज साधे असतात आणि रियाजाला तेवढे चालतात. जॅझच्या अंगानं सुरावटी बांधायला शिकणाऱ्यानं इम्प्रो-व्हायजर बघावं, ते फुकट आहे. जेजॅझलॅबही फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालणारं, आणि ते यामाहाच्या कीबोर्डांच्या स्टाइल फाइली वाचतं. ज्यांना माउसपेक्षा साधी टेक्स्ट फाइल लिहिणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी एमएमए आहे. त्यात कॉर्ड्स आणि ठेक्याचं नाव लिहायचं, मिडी फाइल तयार. रेकॉर्डिंगसाठी खऱ्या वादकांचं वादन हवं असेल तर बँड-इन-अ-बॉक्स. ते १९९० पासून आहे आणि त्याचे रियलट्रॅक्स म्हणजे वादकांनी वाजवलेले तुकडे तुमच्या कॉर्ड्सप्रमाणे जोडून दिलेले. त्याची मोठी आवृत्ती शंभर जीबीच्या पुढे जाते. डिस्कवर जागा नसताना ती घेऊन नंतर अर्धी वाद्यं काढून टाकणं म्हणजे पैसे वाया.

चारही कामं एकाच सॉफ्टवेअरनं करावीत हा हट्ट सोडा. रियाजाला हलकं, रेकॉर्डिंगला जड, अशी दोन ठेवली की दोन्ही कामं नीट होतात.

मिडी फाइललाच आवाज समजणं

मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कोणता सूर, कधी, किती जोरानं आणि किती वेळ, एवढ्याच सूचना असतात. १९९१ च्या जनरल मिडीनं १२८ वाद्यांची यादी ठरवून दिली आणि ड्रमना दहावं चॅनल दिलं. २६ व्या क्रमांकावर स्टीलच्या तारांची गिटार, हे ठरलेलं. ती गिटार ऐकायला कशी वाटेल, हे वाजवणारं यंत्र ठरवतं. म्हणून जी फाइल तुमच्याकडे चांगल्या साउंडफॉण्टवर (वाद्यांच्या आवाजांच्या संचावर) गोड वाजते, तीच दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जुन्या वेव्हटेबल सिंथवर खेळण्यातल्या बाजासारखी वाजते. सॉफ्टवेअर वाईट आहे असं ठरवण्याआधी साउंडफॉण्ट बदलून बघा. ‘यंत्रासारखं वाटतं’ ही तक्रार अनेकदा तिथेच मिटते. आणि दुसऱ्याला पाठवायचं ते नेहमी वेव्ह फाइल, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाची फाइल, करून पाठवा.

पट्टी बदलताना ड्रम बिघडतात, त्याचं कारणही इथेच आहे. दहाव्या चॅनलवर सुराचा क्रमांक म्हणजे वाद्य: ३६ म्हणजे बास ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे बंद हाय-हॅट. साध्या मिडी एडिटरमध्ये ‘सगळं निवडा’ करून दोन सेमिटोन वर नेलं की बास ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला स्नेअर वाजतो. चार सेमिटोन वर नेलं तर स्नेअरच्या जागी बंद हाय-हॅट. दहावं चॅनल वगळून पट्टी बदला, किंवा सॉफ्टवेअरच्या आतच गाण्याची ‘की’, म्हणजे पट्टी, बदला. तिथे ड्रमना हात लागत नाही. पट्टी खाली नेताना बासकडेही बघा. चार तारांच्या बासचा सगळ्यात खालचा सूर ई, सुमारे ४१ हर्ट्झ. त्याच्या खाली गेलेले सूर छोट्या स्पीकरवर उमटतच नाहीत आणि ठेका पोकळ वाटतो. असे सूर एक सप्तक वर उचलून ठेवायचे.

इंटरनेटवरून गोळा केलेल्या स्टाइल फाइलींचा घोळ याहून मोठा. यामाहाच्या वरच्या कीबोर्डांसाठी केलेल्या स्टाइलमध्ये गिटार बऱ्याचदा मेगा व्हॉइसची असते. त्या आवाजात जोराच्या आकड्याप्रमाणे वादनाची तऱ्हा बदलते: कमी आकड्याला मोकळी तार, त्याच्या वर दाबलेली, आणखी वर स्लाइड. शिवाय अगदी वरच्या सप्तकातल्या सुरांवर तारेवर बोट घासल्याचे आवाज ठेवलेले असतात. हीच स्टाइल साध्या साउंडफॉण्टवर लावली की घासण्याच्या जागी किंचाळल्यासारखे तार सप्तकातले सूर येतात आणि गिटार कुठे कानाला बसते, कुठे कुजबुजते. यावर इक्वलायझर फिरवून काही होत नाही. तो पार्ट म्यूट करा आणि दुसऱ्या स्टाइलमधली साधी गिटार तिथे आणा. पाच हजार स्टाइलींचं फोल्डर मिरवण्यापेक्षा अशा तपासून साफ केलेल्या २० स्टाइली जवळ असाव्यात. नवशिक्यांना गोळा करण्याची घाई असते, पण ट्रॅक चांगला होतो तो ऐकून गाळल्यानं.

‘जनरेट’ पुन्हा दाबणं

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि सगळ्यात जास्त दिसते. एका गायनाच्या कार्यक्रमातला प्रसंग. गायिकेनं काही आठवडे एकाच ट्रॅकवर तालीम केली होती. अंतऱ्याआधी चार बारांचं संगीत होतं, आणि चौथ्या बारच्या शेवटी गिटार तीन सूर उतरत खाली यायची. तो उतार ऐकून ती अंतरा उचलायची. आदल्या रात्री तिचा गळा बसला. ट्रॅक करणाऱ्यानं की एका सेमिटोननं उतरवली, जनरेट दाबलं, वेव्ह काढली आणि पाठवून दिली. कॉर्ड्स त्याच, बार तेवढेच. शेवटपर्यंत ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

स्टेजवर गिटारचा उतार आलाच नाही. ती थांबून राहिली, दोन बार निघून गेले. ट्रॅक थांबत नाही आणि मागेही येत नाही. तिनं अंतरा उचलला तेव्हा कॉर्ड्स दोन बार पुढे होत्या. पूर्ण अंतरा चुकीच्या कॉर्ड्सवर गेला आणि मुखड्याला परत येताना तिनं एक ओळ सोडून दिली, तेव्हा कुठे गाणं जागेवर आलं.

याचं कारण साधं आहे. रेकॉर्ड केलेले तुकडे जोडणारं सॉफ्टवेअर प्रत्येक जनरेटला तुकडे नव्यानं निवडतं. मिडीवर चालणारी अनेक सॉफ्टवेअरही त्याच कॉर्ड्सवर दर वेळी थोडं वेगळं वाजवतात. चाल बांधताना हा गुण फार कामाचा आहे. तालमीनंतर मात्र तोच घात करतो.

म्हणून सॉफ्टवेअर घेताना तयार ट्रॅक गोठवता येतो का, हे आधी बघा. बँड-इन-अ-बॉक्समध्ये त्याला फ्रीझ म्हणतात. ट्रॅक मनासारखा झाला की गोठवा आणि प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल काढून ठेवा. गोठवलेला ट्रॅक नवी की आपोआप धरत नाही, त्यामुळे ऐन वेळी एक-दोन सेमिटोनचा फरक लागला तर त्याच वेव्ह फाइली कुठल्याही डॉमध्ये (रेकॉर्डिंग-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडा, ड्रम सोडून बाकीच्यांची पट्टी सरकवा. दोन सेमिटोनपर्यंत कानाला खटकत नाही. त्यापुढे गिटार प्लास्टिकची वाटू लागते.

आणखी चांगली सवय म्हणजे तालमीच्या पहिल्या दिवशीच मूळ पट्टी, एक खाली आणि दोन खाली, असे तिन्ही ट्रॅक काढून गायकाला देणं, फाइलच्या नावात पट्टी आणि तारीख लिहून. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा नावांवर कार्यक्रम सोपवू नये. आणि जो सूर ऐकून गायक उचल घेणार आहे, तो सॉफ्टवेअरच्या मर्जीवर ठेवायचा नाही. वेगळ्या ट्रॅकवर स्वतः वाजवून टाकायचा.

लय निम्मी किंवा दुप्पट धरणं

गाणं ७० च्या लयीत आहे आणि निवडलेली स्टाइल १४० ला मोजलेली आहे, हे लक्षात न येता लोक स्टाइल ७० वर ओढतात आणि ती रेंगाळते म्हणून फेकून देतात. स्टाइल १४० वरच ठेवा आणि प्रत्येक कॉर्ड दुप्पट बारांची लिहा. एका बारची कॉर्ड दोन बारांना पसरेल आणि गाण्याची लय ७० च राहील.

ऑडिओ स्टाइलमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या वादनाच्या स्टाइलमध्ये, लयीचा मोह जास्त घातक. ८५ ला वाजवलेली गिटार ६० ला ताणली की स्ट्रमिंग पसरतं आणि झांजेच्या शेपटीला थरथर येते. मूळ लयीच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा टक्क्यांच्या आत राहावं. ते जमत नसेल तर त्या वाद्यासाठी मिडी घ्यावं. मिडीत लय कितीही बदलली तरी आवाजाला धक्का लागत नाही.

सात किंवा दहा मात्रांचं गाणं असेल तर जास्त सावध राहा. मात्रांचा आकडा लिहिता येतो म्हणून तसा ठेका वाजतोच असं नाही. बरीच सॉफ्टवेअर चार मात्रांचाच नमुना कापून किंवा जोडून वाजवतात, आणि वजन भलत्याच मात्रेवर पडतं. ठेका स्वतः लिहिता येतो का, एवढ्या एका गोष्टीवर तिथे निवड करावी.

मधल्या वाटा

मूळ गाण्यातून आवाज काढून टाकणारी साधनं, उदाहरणार्थ २०१९ मध्ये आलेलं स्प्लीटर किंवा डेम्यूक्स, रियाजाला उपयोगी आहेत. पण आवाजावरचा रिव्हर्ब (घुमारा) वाद्यांत अडकून राहतो आणि शांत जागी मूळ गायकाची सावली ऐकू येते. शिवाय ते रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या मालकीचं असतं. वर्णन लिहिलं की अख्खं गाणं तयार करणारी एआय साधनं ऐकायला चकचकीत असतात, पण १७ व्या बारमधली एकच कॉर्ड बदलून बाकी सगळं होतं तसं ठेवणं तिथे अवघड जातं. ज्याला साथ हवी आहे त्याला नेमकं तेच लागतं.

थोडक्यात उरलेल्या

ब्लूटूथ हेडफोन लावून ट्रॅकवर गाणं रेकॉर्ड करणं: आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे गाणं मागे पडतं. वायरचेच हेडफोन वापरा.

कीबोर्ड जोडून ट्रॅकवर वाजवताना सूर उशिरा येतो: विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) निवडा, बफर, म्हणजे एका वेळी साठवायचा आवाज, १२८ सॅम्पल ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला हा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. १०२४ ठेवलात तर २३.

हॉलमध्ये पॅड आणि गिटार गायब होणं: तिथली सिस्टिम बऱ्याचदा मोनो असते आणि रुंद स्टिरिओ परिणाम एकमेकांना खोडतात. घरीच मोनो करून ऐका.

एमपीथ्रीवर आवाज बसवणं: एन्कोडिंगमध्ये सुरुवातीला पंचवीस-पन्नास मिलिसेकंदांची शांतता वाढते. एक ट्रॅक वेव्ह आणि दुसरा एमपीथ्री घेतला की ते एकमेकांवर बसत नाहीत.

ट्रॅक अचानक दीड सेमिटोन वर आणि जलद वाजणं: फाइल ४४.१ ची, यंत्र ४८ वर. दोन्हीकडे आकडा एकच ठेवा.

परवाना न वाचणं: सॉफ्टवेअर त्यातल्या वादनाचा परवाना देतं, गाण्याच्या चालीचा देत नाही.

सेक्शनच्या खुणा न टाकणं: बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मुखडा-अंतऱ्याच्या जागी भाग बदलल्याची खूण टाकली की आधीच्या बारला ड्रमचा फिल (भाग बदलताना वाजणारा छोटा तुकडा) येतो आणि पुढे वादन बदलतं. खुणाच नसल्या तर तीन मिनिटं एकच ठेका चालतो. खुणा टाकायला पाच मिनिटं लागतात. सुरुवातीला एका बारची मोजणी ठेवा, स्टेजसाठी ती फक्त गायकाच्या कानात जाईल अशी वेगळ्या ट्रॅकवर काढा, आणि शेवटच्या सुरानंतर चार सेकंद मोकळे सोडून फाइल संपवा, नाहीतर झांजेची शेपटी कापली जाते.