पक्षात राहून पक्ष सुधारायचा तर सुरुवात तालुक्यापासून कशी करावी

मराठवाड्यात पक्षावर नाराज झालेला कार्यकर्ता दोनच वाटा धरताना दिसतो. दुसऱ्या पक्षात प्रवेश करतो, नाहीतर घरी बसतो. तिसरी वाटही आहे: पक्षातच राहायचं, टोकाची भाषा नको असलेल्यांना जोडायचं आणि कारभार सुधारायला लावायचा. एका पक्षाचं तालुक्यात काम करताना आमचे दोन प्रयत्न फसले, तिसरा टिकला. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो.

आधी पक्षाची घटना वाचा

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मधल्या कलम २९-अ खाली नोंदणी करताना पक्षाला आपली घटना निवडणूक आयोगाकडे द्यावी लागते. ती मिळवा, छापून घ्या, पेन्सिल घेऊन वाचा. तालुकाध्यक्ष निवडायचा की नेमायचा? मुदत किती? अधिवेशनात ठराव कोण मांडू शकतो? शिस्तभंगाची कारवाई कुणाच्या सहीने होते? आमच्या पक्षाच्या घटनेत तालुकाध्यक्ष मतदानाने निवडावा असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि वर्षानुवर्षं नाव मात्र जिल्ह्याहून पत्राने येत होतं. घटनेतच असलेली मागणी बंडखोरी ठरत नाही. म्हणून पहिली मागणी तीच करा.

अशी निवडणूक आपल्याकडे नवी नाही. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हाची गोष्ट. १९४६ मध्ये तिथल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली तेव्हा संघटनेत मवाळ आणि जहाल असे दोन गट होते. अध्यक्षपदासाठी बुर्गुल रामकृष्णराव आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्यात लढत झाली आणि स्वामीजी निवडून आले. निजामाच्या राज्यात, लढा तोंडावर असताना, त्या माणसांनी मतदान टाळलं नाही.

मधली भूमिका कागदावर उतरवा

हे सगळ्यात अवघड काम आहे आणि इथेच आमचा पहिला प्रयत्न फसला. मध्यममार्गी म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवणारा, असा लोकांचा समज असतो. तो खोडायचा तर प्रत्येक पेटलेल्या प्रश्नावर काय हवं ते लिहावं लागतं. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर, २०२३ पासून, आरक्षणावरून गावागावांत मराठा आणि ओबीसी शेजारी एकमेकांशी जपून बोलायला लागले. अशा वेळी ‘आम्ही सर्वांसोबत आहोत’ हे वाक्य कुणालाच पुरत नाही. कुणबी दाखले कोणत्या नोंदींवर द्यावेत, ओबीसींच्या आहे त्या वाट्याचं काय, बहिष्काराची भाषा करणाऱ्या आपल्याच पदाधिकाऱ्याचं काय करायचं, हे एका पानावर लिहा. मग तेच पान, एक शब्दही न बदलता, मराठा वाडीवर, ओबीसी वस्तीत आणि बौद्धवाड्यात वाचा. कुठे आवाज खाली घ्यावासा वाटला, तर ते वाक्य पुन्हा लिहायचं.

हे काम वरच्यांवर सोडलं की काय होतं ते मराठवाड्याने भोगलं आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला. त्यानंतर इथे दलितांची घरं जळली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ठराव मुंबईत झाला होता. तो गावच्या पारावर समजावून सांगणारे पक्षांचे कार्यकर्ते फार थोडे होते, असं माझं ठाम मत आहे.

माणसं जोडताना

सुरुवातीला दहा-बाराच असू द्या, पण एका जातीचे आणि एका गावचे नकोत. बैठक नेत्याच्या बंगल्यावर किंवा हॉटेलात ठेवू नका, कुणाच्या तरी शेतातल्या आखाड्यावर ठेवा. पेरणीचे आणि सोयाबीन काढणीचे दिवस टाळा. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तरी तालुका कार्यकारिणीत त्या नावापुरत्याच असतात. बैठक दुपारी ठेवली की बायका येतात, रात्री ठेवली की येत नाहीत. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात एवढीही गोष्ट आम्हाला सुचली नव्हती. मग सभासद नोंदणीला लागा, कारण मतदान झालं तर ते नोंदलेले सभासदच करणार आहेत. पावतीपुस्तक रीतसर घ्या, पैसे ज्याचे त्यालाच भरू द्या.

एबी फॉर्मचा प्रश्न धरा

मागण्या तीनपेक्षा जास्त नकोत. तालुकाध्यक्षाची निवडणूक ही एक. वर्षाचा जमाखर्च बैठकीत वाचून दाखवावा ही दुसरी. तिसरीवर मात्र सगळं बळ लावा, कारण पक्ष खरा दिसतो तो उमेदवारी देताना. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, शेवटच्या दुपारी येतो, आणि जिल्हा परिषदेचा मतदारसंघ वर्षभर बांधणारा माणूस तहसीलच्या आवारात नुसता उभा राहतो. मागा एवढंच: इच्छुकांची नावं तालुक्याच्या बैठकीत घ्यावीत, गुप्त मतदान व्हावं, आणि वरून नाव बदललं तर कारण लेखी द्यावं. उमेदवार आमचाच द्या, असं चुकूनही म्हणू नका. म्हटलं की सुधारणेचा गट तिकिटाचा गट होतो.

ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही, त्यामुळे वेगवेगळ्या वस्त्यांतल्या माणसांचं एकत्र पॅनल करून पाहायला ती चांगली जागा आहे.

कायद्याची मर्यादा

तुमच्यात जिल्हा परिषद, पंचायत समिती किंवा नगरपालिकेचे सदस्य असतील तर सांभाळा. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा १९८६ त्यांना लागू आहे. व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षाचा आदेश, मोडला तर पद जाऊ शकतं. त्यांना सभागृहात पक्षाविरुद्ध हात वर करायला सांगू नका. मतभेद पक्षाच्या बैठकीत मांडा.

पत्र, पत्रकार आणि पद

पहिलं पत्र जिल्हाध्यक्षांना द्या आणि पोच घ्या. उत्तरासाठी महिनाभर थांबा, मग प्रदेशाला लिहा. पत्रकार परिषद आधी घेतली तर दुसऱ्या दिवशी ‘निष्ठावंतांमध्ये नाराजी’ एवढंच छापून येतं आणि मागण्या कुणी वाचत नाही.

आणि एक दिवस फोन येईल. ‘अण्णा, एवढं कशाला ताणता, जिल्हा सरचिटणीस व्हा ना.’ हा फोन येण्याआधीच गटात ठरवून ठेवा की पद मिळालं तर ते बैठकीत सांगायचं, सगळ्यांना विचारायचं, आणि मागण्या मान्य झाल्याशिवाय एकट्याने घ्यायचं नाही. आमच्यातला एकजण न सांगता गेला. तो वाईट माणूस नव्हता, पण आम्ही हे आधी ठरवलेलं नव्हतं.

प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहा. कोण आलं, काय ठरलं, कुणाचा विरोध होता, तेही लिहा. वहीच्या दोन प्रती ठेवा, एक मराठा घरी, एक वंजाऱ्याच्या किंवा बौद्धाच्या घरी, आणि दर बैठकीला दोन्ही आणून ताळा करा.