वॉर्डातून घरी आल्यावर काय काय सांभाळायचं

डिस्चार्ज मिळाला की घरच्यांना वाटतं सुटलो, पण स्किझोफ्रेनिया काय किंवा बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) काय, खरं काम तिथून पुढे सुरू होतं. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, वजन वाढतंय, दिवसभर सुस्ती येतेय, जे काय होत असेल ते डॉक्टरला स्पष्ट सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. मुंबईत केईएम, सायन, नायर, तिन्ही हॉस्पिटलांत मानसोपचार ओपीडी आहे, सकाळी लवकर जा आणि जुने पेपर सोबत न्या.

लिथियम (मूड स्थिर ठेवायचं औषध) चालू असेल तर रक्तातली लेव्हल वेळोवेळी तपासायची, आणि आपल्या मे महिन्यातल्या घामात पाणी कमी पडू देऊ नका, अंगातलं पाणी घटलं की लेव्हल चढते. अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यानेही तेच होतं. उलट्या, जुलाब, तोल जाणं, जास्त थरथर दिसली तर लगेच हॉस्पिटल.

नाइट शिफ्ट शक्यतो नकोच. झोप उडाली, खर्च सुटला, लोक आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटायला लागलं, अशा आजार उलटत असल्याच्या आपल्या खुणा बरं असतानाच घरातल्या एकाला लिहून द्या, माझ्या मते हे सगळ्यात कामाचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे उपचार कसे हवेत, कसे नकोत हेही आधी लिहून ठेवता येतं. चाळीत चर्चा होणारच, होऊ दे.

रात्री बोलावंसं वाटलं तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आणि मराठीतही. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर मात्र कुणाला तरी सोबत घेऊन सरळ कॅज्युअल्टी गाठा.