आधी मॉनिटर बघा, मग प्रोसेसर

माझा भाचा तासगावचा. घरची द्राक्षबाग आहे. यंदा बेदाण्याचे पैसे हातात आल्यावर ताईनं त्याला गेमिंगच्या कॉम्प्युटरसाठी 75 हजार दिले आणि बजावलं, "मामाला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही." तो विश्रामबागेत माझ्याकडे आला तेव्हा खिशात यादी तयारच होती. सगळ्यात वर आठ कोरचा, म्हणजे आत काम करणारे आठ मेंदू असलेला, महागडा प्रोसेसर, आणि ग्राफिक्स कार्डासाठी उरलेलं काहीबाही.

मी विचारलं, "मॉनिटर कुठला आहे रे?"

"आहे की मामा, जुनाच. साठ हर्ट्झचा."

ती यादी आम्ही तिथंच बाजूला ठेवली. पहिल्यांदा मशीन बांधणारा प्रत्येक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतो आणि पैसे नको तिथं जातात. गेम चालू असताना शत्रू कुठं पळतोय, गोळी कुठं लागली, भिंत कशी कोसळली हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो आणि काय काढायचं ते कार्डाला सांगतो. चित्र रंगवण्याचं काम कार्डाचं. रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, वाढवलं तर कार्डाची दमछाक होते, प्रोसेसरच्या कामात फारसा फरक पडत नाही. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळतील याची मर्यादा प्रोसेसर ठरवतो. साठ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला 60 वेळाच चित्र बदलतो. 200 फ्रेम काढणारा प्रोसेसर त्याच्यामागं लावून डोळ्यांना काय दिसणार?

घरात किंवा मित्राकडं एखादं चालू मशीन असेल तर ही गोष्ट स्वतः करून बघा. गेममधलं व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, फ्रेमचा आकडा स्क्रीनवर आणा आणि एकाच जागी उभं राहून तो लिहून घ्या. मग रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणा. आकडा चांगला वर गेला तर कार्ड कमी पडत होतं. जागचा हलला नाही तर प्रोसेसर कमी पडतोय. भाच्यानं त्याच्या मित्राच्या मशीनवर हे केलं. व्हॅलोरंटमध्ये आकडा जवळपास तोच राहिला, पण मोठ्या गोष्टीवाल्या गेममध्ये भराभर वाढला. स्पर्धेचे हलके गेम प्रोसेसरवर चालतात आणि देखणे गेम कार्डावर, हे त्याला माझ्या बोलण्यापेक्षा त्या दोन आकड्यांनी पटलं.

आता निवड. आज गेमसाठी सहा कोर आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) हा माझ्या मते योग्य मुक्काम आहे. एएमडीचा रायझन 5 5600, इंटेलचा आय5 12400एफ, एएमडीचाच रायझन 5 7600 हे तिन्ही त्यातलेच. बजेट फारच आखडतं असेल आणि मॉनिटर साठ हर्ट्झचाच राहणार असेल, तर चार कोरचा आय3 12100एफसुद्धा बरेच गेम नीट चालवतो.

नावामागची अक्षरं नीट वाचा. इंटेलच्या नावात 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहणार, मदरबोर्डाला (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाला) केबल कितीही लावा. रायझनचा 'जी' म्हणजे आत बऱ्यापैकी ग्राफिक्स. पण 5600जी मध्ये एल3 कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, 16 एमबी आहे आणि साध्या 5600 मध्ये 32. गेमला कॅश फार लागते, म्हणून कार्ड घेणारच असाल तर 'जी' घेऊ नका. कॅशचा प्रभाव बघायचा असेल तर 7800एक्स3डी बघा: आठच कोर, पण 96 एमबी एल3 कॅश, आणि गेममध्ये तो जास्त कोरवाल्यांनाही मागं टाकतो. 75 हजारांत त्याचा विचार नको.

सॉकेटकडं, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेकडं, मात्र दहा वेळा बघा. एएम5 हे सॉकेट 2022 मध्ये आलं आणि एएमडीनं ते निदान 2027 पर्यंत चालवण्याचा शब्द दिलाय. दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा बेत असेल तर 7600 घ्या, फक्त त्याला डीडीआर5 रॅमच लागते, तिचा भाव आधी विचारा. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीचं सॉकेट एलजीए1700. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या इंटेलच्याच कोअर अल्ट्राला ते चालत नाही. शिवाय तेराव्या-चौदाव्या पिढीच्या ताकदवान प्रोसेसरांमध्ये जास्तीच्या व्होल्टेजनं बिघाड होत होता, 2024 मध्ये इंटेलनं ते मान्य करून बायोसमधून (मदरबोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा जुना आय7 किंवा आय9 कुणी स्वस्तात देत असेल तर मी तरी हात लावणार नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही हिशोब धरा. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालच्या खोलीत 65 वॅटचा प्रोसेसर सोबतच्या कूलरवर निभावतो. त्याहून तापट घ्यायचा तर वेगळ्या कूलरचे पैसे आधीच बाजूला काढा.

खोक्यातला सीलबंद प्रोसेसर घ्या. 'ट्रे'वाला, म्हणजे खोक्याशिवाय सुटा मिळणारा, थोडा स्वस्त पडतो, पण त्याच्यासोबत कूलर नसतो आणि वॉरंटी बहुतेक वेळा दुकानदाराच्या शब्दावर. मदरबोर्ड घेताना त्यातला बायोस तुमचा प्रोसेसर ओळखतो का, ते विचारा. मागं एका दुकानातून आणलेला बोर्ड बरेच दिवस पडून होता. बायोस जुना, मशीन सुरूच होईना, आणि मी दोन दिवस रॅम नि एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) संशय घेत बसलो.

भाच्यानं शेवटी 5600 घेतला. वाचलेल्या पैशांत चांगलं कार्ड आलं आणि 144 हर्ट्झचा मॉनिटरही. ताईच्या सोप्यात चटई टाकून आम्ही मशीन जोडलं. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, लिव्हर उभी ठेवायची आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. तो स्वतःच्या वजनानं खाली बसतो. बसला नाही तर दाबू नका, उचलून पुन्हा ठेवा. कूलरचे चार स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

पुढं कधी कूलर काढायचा झाला तर आधी मशीनवर दहा मिनिटं गेम चालवा, मग बंद करून प्लग काढा. गरम असतानाच स्क्रू सोडवून कूलर डावी-उजवीकडं हळूहळू फिरवा, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट सुटली की मग उचला. मी एकदा थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला. सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर बंद लिव्हरमधून उपटून आला आणि कडेच्या चार पिना वाकल्या. मेकॅनिकल पेन्सिलीतली शिसं काढून, तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर घालून, बॅटरीच्या उजेडात त्या सरळ करायला मला अख्खी रात्र लागली.