बरणीत भरण्याआधी बी वाळलंय का बघा

स्वयंपाकघरातल्या भाज्यांच्या बियांपासून कुंडीत भाजी लावायची, तर कुंड्या, माती, खत नंतर. आधी स्टीलची दोन ताटं रिकामी करा आणि पंख्याखाली अशी जागा शोधा जिथून ती आठवडाभर कोणी उचलणार नाही. बी वाळवायचं आहे. मागच्या पावसाळ्यात नेमकी इथेच घाई झाली आणि बरणीभर बियांवर राखाडी बुरशी चढली, म्हणून ही यादी वाळवणापासूनच सुरू होते.

बी पिकलेल्या फळाचंच घ्या. भेंडी, गवार, दुधी, गिलकी, काकडी आपण कोवळी खातो, त्यांच्यातलं बी कच्चं असतं, ते उगवत नाही. हिरवी सिमला मिरचीही कच्चीच. लाल किंवा पिवळी आणा. कारलं नारंगी पडून फुटायला आलेलं हवं, लाल भोपळ्याच्या सालीत नख रुतता कामा नये, टोमॅटो देठापाशीसुद्धा लाल हवा. देशी, आंबट, वेडावाकडा टोमॅटो मिळाला तर तोच घ्या. मंडीतला एकसारखा गुळगुळीत टोमॅटो बहुधा संकरित असतो. रोपं येतात, पण दर झाडाची तऱ्हा वेगळी. मेथी आणि मोहरी मसाल्याच्या डब्यातली चालते. धने इंदूरच्या सियागंज बाजारातून अख्खे आणा, भाजलेले नकोत. इंदुरात ओला कचरा वेगळा ठेवायची सवय आहेच. गाडी यायच्या आत बियांची वाटी त्यातून बाजूला काढा, बस.

टोमॅटोला जास्तीचं काम आहे. बीभोवतीचा बुळबुळीत गर उगवण रोखून धरतो. गरासकट बी काचेच्या पेल्यात घ्या, चमचाभर पाणी घाला, वर कापड बांधा. दिवसातून एकदा ढवळा. उन्हाळ्यात दोन दिवस, थंडीत तीन-चार. वर पांढरा थर येतो, वास आंबूस येतो, घरातले कुरकुर करतात, करू द्या. त्याहून जास्त ठेवलं तर बी पेल्यातच मोड काढतं. मग पाणी भरा: चांगलं बी तळाशी बसतं, पोकळ तरंगतं ते ओतून द्या. चाळणीत चोळून धुवा.

आता वाळवण. कागदावर पसरू नका, बी चिकटतं आणि सोडवताना तुटतं. ताटात एकेरी थर, सावलीत, पंख्याखाली. दिवसातून दोन-तीनदा बोटाने फिरवा, नाहीतर गोळा होतो आणि गोळ्याच्या आत ओल राहते. मे महिन्यातल्या गच्चीच्या उन्हात ठेवू नका. तिथे वाळतं लवकर आणि मरतंही लवकर. कोरड्या हवेत आठवडा पुरतो, जुलै-ऑगस्टात दोन धरा. हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. भोपळ्याचं बी वाकवून बघा: वाकलं तर ओलं, कट्कन मोडलं तर वाळलं. टोमॅटोचं बी ताटात हलवलं की सुटं सुटं वाजायला हवं. मिरचीचं नखाने दाबा, तुटलं पाहिजे. (मिरचीचं बी काढताना हाताला तेल लावा आणि डोळे चोळू नका.)

तरीही थेट मुक्कामाला ठेवू नका. आधी बी काचेच्या कोरड्या बरणीत रात्रभर झाकून ठेवा. सकाळी आतून काचेवर धुकं दिसलं तर परत ताटात. कंटाळा आला तरी परत ताटात. प्लास्टिकच्या पुडीत ओलसर बी भरलं की त्याला घाम सुटतो आणि बुरशी येते. पक्कं वाळल्यावर कागदी पाकिटात, नाव-महिना लिहून, बरणीत. पावसाळ्यात सोबत तव्यावर कोरडे गरम करून पूर्ण गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवा. ते ओल ओढून घेतात. तांदूळ गरम असतानाच टाकाल तर बी भाजेल.

पेरायच्या आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. टोमॅटोला आठवडा, मिरचीला दोन आठवडेही लागतात. सात उगवल्या तर उत्तम. तीनच उगवल्या तर दाट पेरा, आणि वाळवण कुठे चुकलं ते आठवा.

माती: माळव्यातली काळी माती एकटी नको, ओली चिकटते आणि सुकली की भेगाळते. एक भाग माती, एक वाळू, एक मुरलेलं कंपोस्ट. कुंडीला भोकं. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल. धने लाटण्याने हलके दाबून दोन करा, रात्रभर भिजवा, उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर कुंडी उकरून बघू नका. मेथी-कोथिंबीर ऑक्टोबर उजाडल्यावर, कारलं पहिल्या पावसाला, टोमॅटोचं रोप ऑगस्टात.

नळ आला म्हणून पाणी ओतू नका. रोप मानेपाशी सडून आडवं पडतं. चार-पाच पानं आली की बारा इंची कुंडीत हलवा. कारल्याला दोरी. भोपळ्याचं बी घरचं असलं की दुसऱ्या जातीचा पराग मिसळून कडू फळ धरण्याची शक्यता असतेच, म्हणून फळाचा तुकडा चाखून बघा. कडू लागला तर शिजवू नका, टाकून द्या, आणि त्याचं बी ठेवू नका.