जिवाणू खताला गुण का येत नाही? या चुका टाळा

वाळवा, पलूस, कराडच्या पट्ट्यात दर खरिपात एक तक्रार कानावर येते: "रायझोबियम चोळलं, पीएसबी सोडलं, काही फरक पडला नाही." रायझोबियम म्हणजे शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारा जिवाणू, पीएसबी म्हणजे मातीतला स्फुरद विरघळवणारे जिवाणू. तक्रार खरी असते. आपण पाकीट खत म्हणून आणतो आणि खतासारखंच वागवतो, तिथंच घोळ होतो. युरियाचं पोतं उन्हाळाभर पत्र्याखाली पडलं तरी युरिया युरियाच राहतो. जिवाणू संवर्धन, म्हणजे भुकटीत मिसळलेले जिवंत जिवाणू, मात्र भर उन्हात दुपारभर गाडीच्या डिकीत राहिलं, तर हातात लिग्नाइटची काळी भुकटी तेवढी उरते. घेताना मुदत बघा आणि घरी आणून माठाशेजारी सावलीत ठेवा. औषधांच्या खोलीत नको.

एकाच बादलीत सगळं

ही चूक मी स्वतः केली आहे. पेरणीची घाई होती, माणसं बांधावर थांबलेली, म्हणून सोयाबीनच्या बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक आणि रायझोबियम एकदमच चोळलं. पुढं झाडं उपटून पाहिली तर मुळांवर गाठी जेमतेम. क्रम असा हवा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या गार पाण्यात कालवून, हलक्या हातानं लावायचं. सोयाबीनची साल नाजूक असते, रगडलं की उगवण जाते. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

उसाच्या बेण्यालाही, म्हणजे लागणीच्या कांड्यांनाही, हाच नियम. औषधाची बुडवण आधी, अॅसिटोबॅक्टर या जिवाणूची नंतर, आणि तीही अर्धा तास. घाईत बेणं नुसतं ओलं करून सरीत टाकू नका. हा जिवाणू मुळात उसाच्या आत राहणारा आहे. ब्राझीलच्या उसात तो सापडल्याचं 1988 साली प्रसिद्ध झालं. उसातल्या गोडीवर जगून तो हवेतला नत्र धरतो. त्याला कांडीत शिरायला वेळ द्यायला नको का?

गाठ फोडून बघा

संवर्धन लागलं की नाही, हे प्रयोगशाळेत न जाता कळतं. पेरणीनंतर 40-45 दिवसांनी चार-पाच ठिकाणची झाडं मातीसकट खणून काढा. ओढू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं पाण्यात अलगद धुवा आणि गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंदच. नत्र धरणारं विकर (एन्झाइम) मोकळ्या ऑक्सिजननं बिघडतं, पण जिवाणूला श्वासापुरता ऑक्सिजन तर लागतोच. हा पदार्थ तो मोजून पुरवतो. बोटभर मुळावर एवढी व्यवस्था चाललेली असते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ बांधावर बसून गाठीच फोडत होतो.

आत पांढरं दिसलं तर गाठ कच्ची किंवा निकामी. हिरवट असेल तर तिचं वय संपलं. गाठीच नसतील तर तीन गोष्टी तपासा. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला वापरलं का? प्रत्येक गटाचा जिवाणू वेगळा असतो. युरिया जास्त पडला का? आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरत नाही. आणि रानात पाणी साचून होतं का?

पाचट जाळणं, आणि ठेवूनही उपाशी ठेवणं

ऊस तुटल्यावर रानात राहिलेला वाळला पाला, म्हणजे पाचट, पेटवलं की त्यातला नत्र धुरात जातो आणि वरच्या थरातली जीवसृष्टी भाजून निघते. हे आता बहुतेकांना पटलं आहे. पण "पाचट ठेवलं आणि खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेलं पुढचं पीक) पिवळा पडला" असं म्हणणारेही बरेच भेटतात. पाचटात कर्ब भरपूर, नत्र नखाएवढा. कुजवणाऱ्या जिवाणूंना अंग वाढवायला नत्र लागतो, तो ते मातीतूनच उचलतात आणि उसाच्या तोंडचा घास जातो. म्हणून पाचटाच्या टनामागं 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं संवर्धन टाका. नंतर पाणी द्या. कोरड्या पाचटावर भुरभुरलेलं संवर्धन वाया जातं. बुडख्यांवर बुरशीनाशक फवारणार असाल तर ते आणि संवर्धन एकाच दिवशी नको, कारण कुजवणाऱ्यांत बुरशीही असतात.

हळदीत आणि सातारी आल्यात कंदकुजीसाठी ट्रायकोडर्मा देतात, तिथंही हेच. ती बुरशीच आहे. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी आज आणि ट्रायकोडर्मा उद्या, असं केलं तर दुसरा खर्च फुकट. तासगावकडच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणाचं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचं) तांबं वर्षानुवर्षं मातीत साठतं. तांबं कुजत नाही, विरत नाही. गरजेपुरतंच फवारा.

गोठ्यातही तेच

गाईच्या पोटातला वैरण पचवणारा कारखाना जिवाणूंचाच. लग्नातला उरलेला भात, चपात्या एकदम पुढ्यात टाकल्या की पिष्ट खाणारे जिवाणू भराभर वाढतात, पोटात आम्ल साचतं, जनावर रवंथ थांबवतं. अशा वेळी घरगुती उपायांत रात्र घालवू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा. खुराक बदलायचाच असेल तर दहा-पंधरा दिवसांत थोडा थोडा बदला.

पूर ओसरल्यावर

2019 आणि 2021 च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या रानांना कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. मातीतली हवा संपली की हवेविना जगणारे जिवाणू जोर धरतात. त्यांतले काही नायट्रेटमधल्या ऑक्सिजनवर भागवतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. पिवळं पीक बघून लगेच युरिया फेकला तर त्यातलाही बराच त्याच वाटेनं जातो. आधी चर काढून पाणी बाहेर काढा आणि वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही, येऊ द्या. मूठभर माती हुंगून बघा. वळवाच्या पहिल्या पावसानंतर येतो तसा वास परत आला, की मग खताचं पोतं सोडा.